तोंड वाकडं, पाय सरळ

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. बशीत हिंदकळणारा चहा, चेकवरची न जुळणारी सही, बटणाशी चाललेली झटापट. हे सगळं आमच्याकडेही झालं आणि अंगवळणी पडलं. हातासाठी काही ना काही सोय करता येते. कप अर्धाच भरायचा, बशी द्यायचीच नाही, ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो लावून घ्यायचं. चेहऱ्याची मात्र सोय कुणालाच करता येत नाही. हात पदराखाली घेता येतो, तोंड घेऊन माणसात बसावंच लागतं.

आमची ही शिक्षिका. सांगलीत हायस्कूलला गणित शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाली. छडी तिनं कधी हातात घेतली नाही, कारण तिला ती लागलीच नाही. डावी भुवई जराशी वर गेली की शेवटच्या बाकावरची कुजबुज बंद व्हायची, असं तिचे विद्यार्थी अजून सांगतात. घरातही फार वेगळं नव्हतं. पाहुण्यांसमोर मी नको तो विषय काढला की ती भुवई हलायची आणि मी पाऊसपाण्यावर यायचो. संसारातली निम्मी बोलणी आमची अशी आवाज न करता झालेली आहेत.

आजारानं आधी ती भुवई नेली. हाताचा कंप नंतर आला. आधी चेहरा गप्प झाला. टीव्हीवर विनोदी काहीतरी चाललेलं असायचं, आम्ही सगळे हसायचो आणि ही सरळ समोर बघत बसलेली. सुनेला वाटायचं, आपलं काही चुकलं का? मला वाटायचं, रुसली आहे. मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टनी तिच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघून मला विचारलं, ‘यांच्या पापण्या किती कमी लवतात, बघितलंत का?’ आपण सगळे मिनिटाला पंधरा-वीस वेळा सहज पापणी लववतो. हिची एकदा लवली की पुढची कधी लवेल याची वाट बघावी लागत होती. डॉक्टरांच्या भाषेत याला मुखवटा म्हणतात. आत सगळं जागच्या जागी असतं. राग येतो, हसू येतं, कंटाळा येतो. फक्त ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही.

त्यात एक गंमत अशी की फोटोग्राफरनं ‘हसा काकू’ म्हटलं की ही छान हसायची. तेच कुणी विनोद केला तर चेहऱ्यावर काही नाही. बघणाऱ्याला हे ढोंग वाटतं. पण ठरवून हसण्याचा आणि आपसूक हसू फुटण्याचा मेंदूतला रस्ता एक नाही. पार्किन्सन्समध्ये आपसूक हसण्याचा रस्ता जास्त बिघडतो. हे कळल्यावर हिनं तिच्या पद्धतीनं तोडगा काढला. ती सांगायला लागली. नातीनं शाळेतला काहीतरी किस्सा सांगितला की ही जाहीर करायची, ‘मला हसू आलंय हं.’ माझ्याकडे बघून, ‘मी आत्ता रागावलेय, लक्षात घ्या.’ गणिताच्या पेपरात पायऱ्या लिहितात तसलं ते. सुरुवातीला विचित्र वाटायचं, पण भुवईपेक्षा यात गैरसमजाला जागा कमी होती, हे मान्य करायला हवं.

तर हा झाला न हलणारा चेहरा. त्याच्याशी जुळवून घेऊन काही वर्षं गेली आणि मग चेहरा हलायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, कवळी सैल झाली असावी. तोंडात काही नसताना चघळल्यासारखं चालायचं. जीभ गालाला आतून ढकलत फिरायची, त्या जागी गाल फुगायचा. ओठांचा चंबू व्हायचा आणि लगेच उजवा कोपरा खाली ओढला जायचा. मध्येच जिभेचं टोक बाहेर येऊन आत जायचं. मान उजव्या खांद्याकडे झुकून परत सरळ. आणि हे सगळं चालू असताना ही शांतपणे शेंगा सोलत बसलेली, जणू तोंड दुसऱ्या कुणाचं आहे. दंतवैद्याकडे जाऊन आलो. कवळी अगदी चपखल होती.

डॉक्टरांनी दोन कामं दिली. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि एका वहीत तासातासाला लिहायचं, की पाय मोकळे आहेत का, अडकलेत का, तोंड हलतंय का, गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता झालं. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, नोंदवह्या भरण्यात हयात गेलेली. दोन आठवड्यांत वहीत चित्र स्पष्ट दिसायला लागलं. गोळ्या सात, अकरा, तीन आणि सात वाजता. पहाटे, म्हणजे रात्रीच्या गोळीचा अंमल उतरलेला असताना, पायाची बोटं आत वळून घट्ट झालेली आणि हनुवटी थरथरत असलेली. ती थरथर एका लयीत, आणि बोलायला लागलं की थांबणारी. याउलट ते चघळणं, चंबू, जीभ हे सगळं गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं, पाय अगदी मोकळे असताना, आणि बोलायला लागलं की वाढणारं. झोपेत दोन्ही नाहीत.

म्हणजे एकाच चेहऱ्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. मुखवटा आजाराचा. हनुवटीचा कंप आजाराचा. आणि हे वेडंवाकडं हलणं औषधाचं. डॉक्टर याला डिस्कायनेशिया म्हणतात. हे तिन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण उपाय उलटसुलट आहेत. कंप असतो तेव्हा औषध कमी पडलेलं असतं, तर डिस्कायनेशियात ते त्या घटकेपुरतं जास्त झालेलं असतं. न बघता कुणी ‘तोंड हलतंय, गोळी वाढवा’ म्हटलं, तर झालंच कल्याण.

तपासताना त्यांनी हिला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. डोक्यात हिशेब चालू असला की या हालचाली उघड होतात म्हणे. ही म्हणाली, ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट,’ आणि तोंड असं काही फिरायला लागलं की मी खाली बघितलं. ही मात्र थांबून डॉक्टरांना म्हणाली, ‘सातचं काय विचारता, तेराचं विचारा की.’

औषधानं असं का व्हावं, हे मला माझ्या खात्याच्या भाषेतच नीट कळलं. मेंदूच्या तळाशी एका छोट्या काळसर भागातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या पुष्कळ गेलेल्याच असतात. हिची गोळी लेवोडोपाची, ती मेंदूत जाऊन डोपामिन होते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी ते साठवतात आणि लागेल तसं सोडतात, त्यामुळे दिवसभर सगळं सुरळीत चालतं. पेशी कमी होत गेल्या की साठवायला जागाच राहत नाही. तलाव गाळानं भरला की काय होतं? कॅनॉलला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की हेडच्या, म्हणजे सुरुवातीच्या शेतात पाणी बांध फोडून वाहतं आणि आवर्तन बंद झालं की टेलचा, शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून खात्याच्या नावानं शिव्या घालतो. पाणी तेवढंच, पाटकरी तोच. धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं, एवढंच. गोळी पोटातून रक्तात चढली की तोंड वाहायला लागतं, उतरली की पाय कोरडे.

या औषधाची कथा मी मुद्दाम शोधून वाचली. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी प्राण्यांना रेसर्पिन दिलं. हे रेसर्पिन मूळचं आपल्या सर्पगंधेतलं. त्यानं मेंदूतलं डोपामिन उपसलं जातं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे ज्याचं शरीरात डोपामिन होतं ते रसायन, टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. कार्लसनना पुढे २००० साली नोबेल मिळालं. माणसांना तोंडानं मोठे डोस हळूहळू चढवत देण्याची पद्धत जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७मध्ये अमेरिकेत दाखवून दिली. वर्षानुवर्षं खुर्चीत थिजलेली माणसं चालायला लागली. आणि त्याच रुग्णांमध्ये या नको असलेल्या हालचालीही दिसल्या. म्हणजे वरदान आणि त्याची अट जवळजवळ एकाच वेळी हातात पडली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी लेवोडोपाहून सरस गोळी आलेली नाही, आणि ही अटही पुरती सुटलेली नाही.

आता खरा मुद्दा. गोळी कमी केली की तोंड शांत होतं. हे आम्ही करून बघितलं, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. डोस उतरवल्यावर चेहरा स्थिर झाला, शेजारीण म्हणाली, ‘बाई आता बऱ्या दिसतात.’ आणि ‘बऱ्या दिसणाऱ्या’ बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारख्या उभ्या राहायला लागल्या. खुर्चीतून उठायला हात द्यावा लागायचा. कुशीवर वळायला रात्री मला उठवावं लागायचं. मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, आई आज छान दिसतेय. कॉलमध्ये चेहराच तेवढा दिसतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, ‘तोंड हलण्याचा त्रास कुणाला होतो?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर म्हणाले, ‘तुम्ही थांबा. बाई, तुम्ही सांगा.’

ही म्हणाली, ‘मला तर कळतही नाही. तोंड वाकडं झालं तर चालेल, पाय सरळ पडू देत.’

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. बहुतेक रुग्ण हेच म्हणतात, आणि बहुतेक नवरे-बायका दुसरं म्हणतात. ज्याचा चेहरा आहे त्याला तो दिसत नसतो, आपल्याला मात्र दिवसभर समोर दिसतो. मी हिला तो व्हिडिओ दाखवला, तेव्हा वाटलं होतं हिला धक्का बसेल. हिनं पूर्ण बघितला आणि म्हणाली, ‘मागे टीव्हीचा आवाज केवढा मोठा ठेवलाय तुम्ही.’

तेव्हापासून मी स्वतःशी एक हिशेब पक्का केला. हिच्या औषधाचा डोस माझ्या, मुलाच्या किंवा शेजारणीच्या डोळ्यांवरून ठरणार नाही. जेवताना जीभ चावली जाते का, वजन उतरतंय का, गिळताना ठसका लागतो का, मान दुखते का, ही कारणं खरी. या कारणांसाठी डोस हलवायला मी एका पायावर तयार आहे. लग्नात लोक बघतात हे कारण नाही.

लोक बघतात हे खरंच आहे. पंगतीत समोरच्या बाईनं हिच्याकडे बघत बघत जेवण संपवलं. बसमध्ये एका गृहस्थांना वाटलं, ही त्यांना वेडावतेय. गणपतीच्या देवळात मात्र सगळं निभावून जातं. ओठ हलताना बघून लोक समजतात, बाईंचा जप चाललाय. एकदा एका आजींनी वाकून नमस्कार केला, तेव्हा हिनं आशीर्वादही दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘हसू आलंय मला.’ आणि आमच्या अपार्टमेंटमधला खालच्या मजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा! हिनं तोंडाचा चंबू केला की तो चंबू करतो, हिची जीभ बाहेर आली की तो जीभ काढतो. त्याची आई लाजेनं अर्धमेली होते. हिला तो खेळ भलताच आवडतो. ‘त्याला बरोब्बर जमतं,’ असं प्रशस्तिपत्रकही तिनं देऊन टाकलंय.

मोठ्यांना मी आता आधीच सांगून टाकतो, ‘औषधानं तोंड हलतं, दुखत नाही, तुम्ही बोला तिच्याशी.’ एवढ्या तीन वाक्यांत नव्वद टक्के लोक सावरतात. उरलेल्यांना सोडून द्यायचं.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. गोळी तेवढीच ठेवून लहान तुकड्यांत, जास्त वेळा दिली की चढउतार जरा सौम्य होतो. पाळी लहान, आवर्तनं जास्त. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं गोळीच्या वाटेत आडवी येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. नाहीतर ती चढतच नाही आणि मग पुढची तिच्यावर येऊन चढते. दुपारचं दही रात्रीवर ढकलल्यानं आमच्याकडे फरक पडला. शिवाय अमँटाडिन नावाची गोळी मिळते. ही मुळात फ्लूची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एका पार्किन्सन्सच्या बाईनं ती फ्लूसाठी घेतली आणि आपला ताठरपणा कमी झाल्याचं तिनंच डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. पुढे कळलं की वेड्यावाकड्या हालचालींवरही ती चालते. हिचं चघळणं त्यानं पुष्कळ कमी झालं. बदल्यात पोटऱ्यांवर जांभळट जाळी उमटली. डॉक्टर म्हणाले, औषधाचीच आहे, घाबरू नका. ही म्हणाली, ‘घाबरते कशाला, साडी आहे की.’

एक गोष्ट मात्र घरोघरी माहीत हवी. उलटी आणि चक्कर यांवरच्या काही नेहमीच्या गोळ्या या रुग्णांना चालत नाहीत. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही त्यांतली नावं. त्या डोपामिनच्याच वाटा अडवतात किंवा त्याचं काम मंदावतात, आजार वाढल्यासारखा दिसतो आणि काहींच्या तोंडाच्या हालचाली त्यांच्यामुळेही सुरू होतात. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही नावं लाल शाईनं लिहिलेली आहेत. मेडिकल दुकानदाराला ‘चक्करेचं काहीतरी द्या’ म्हणायचं नाही, हा नियम.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. या वर्तुळातल्या लोकांशी बोलताना कळतं की चेहऱ्याबद्दल बोलायला सगळेच बिचकतात. बद्धकोष्ठापासून भासांपर्यंत सगळं मोकळेपणानं बोललं जातं, चेहरा शेवटी येतो, तोही फोन ठेवता ठेवता. एक ताई सांगत होत्या, त्यांच्या यजमानांच्या पापण्या मिटतात त्या उघडतच नाहीत, रस्ता ओलांडतानासुद्धा. भुवईच्या वर बोटानं हलकंसं दाबलं की उघडतात. त्यामुळे त्या नेहमी त्यांच्या उजव्या बाजूनं चालतात, एक हात मोकळा ठेवून. बघणाऱ्यांना वाटतं, काय हे म्हातारपणी लाड!

डॉक्टरांनी अलीकडे मेंदूतल्या शस्त्रक्रियेचा विषय काढलाय. डीप ब्रेन स्टिम्युलेशन. फ्रान्समधल्या ग्रनोबलला बेनाबिद यांनी १९८७ साली ही सुरू केली. मेंदूत करंट देणाऱ्या बारीक तारा, कॉलरबोनखाली बॅटरी. ती बसल्यावर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, आणि गोळ्या कमी म्हणजे तोंडाच्या हालचालीही कमी. आम्ही पुण्याला जाऊन विचारून आलो. हिनं प्रश्न लिहून नेले होते, आकडे घालून, समासासकट. केस पूर्ण काढणार का? ऑपरेशनच्या वेळी जागी ठेवणार का? तोंडाचं हलणं जाऊन दुसरं काही येणार का? सर्जननी प्रामाणिकपणे सांगितलं की करंट शेजारच्या वाटेवर पसरला तर तोंड एका बाजूला ओढलं जाऊ शकतं, पण ते मशीनवरून दुरुस्त करता येतं. आणि काही जणांचं बोलणं आधीपेक्षा अस्पष्ट होतं, ते मात्र दरवेळी दुरुस्त होतंच असं नाही.

ही परतीच्या गाडीत कात्रजपासून साताऱ्यापर्यंत गप्प होती. साताऱ्याला चहा पिताना म्हणाली, ‘चेहऱ्यासाठी आवाज पणाला लावायचा नाही. चालणं अगदीच बंद झालं तर विचार करू.’ मी काही बोललो नाही. मला स्वतःला ऑपरेशन व्हावं असं वाटतं, हे तिला माहीत आहे, आणि माझं मत एकदा मोजून झालेलं आहे.

मुलगा दर रविवारी विचारतो. ती सांगते, मेनंतर बघू. मेमध्ये कोल्हापूरला भाचीचं लग्न आहे आणि मंगलाष्टकांतलं एक कडवं म्हणायचं हिनं कबूल केलंय. बोलताना, त्यातून माइकसमोर, तोंड जास्त हलणार हे तिला पुरतं ठाऊक आहे. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्या दिवशी अकराची गोळी साडेअकराला घ्यायची की पावणेबाराला, यावर सध्या आमच्यात एकमत नाही.